आप्पांची हिरवी पाखरं

आप्पांना पाखरांचा शौक लागला तो हैदराबादेत. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि ते दोघं नईमचाचांकडे उतरले होते. चाचा आप्पांचे कॉलेजातले दोस्त. त्यांच्या गच्चीवर जाळीच्या खोल्या होत्या आणि त्यांत देशोदेशीची पाखरं. आजोबांच्या डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत आप्पा त्या गच्चीवरून खाली आले नाहीत, असं चाचाच नंतर सांगत. परत येताना आजोबांच्या मांडीवर औषधांची पिशवी आणि आप्पांच्या मांडीवर कापडानं झाकलेला पिंजरा, असे दोघं एसटीतून उतरले. मायनं आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या डोळ्याकडे, आणि पदर सावरत म्हणाली, "डोळा दाखवायला गेलते, का घर भरायला?"

कापड काढलं तेव्हा मी सगळ्यांत पुढे होते. आत दोन जोड्या होत्या. आकारानं आपल्या चिमणीपेक्षाही लहान, अंगानं कोवळ्या गव्हासारखी हिरवीगार, तोंडावर निळा मुखवटा घातल्यासारखा रंग आणि शेपटी विटकरी लाल. चाचा त्यांना पॅरट फिंच म्हणायचे. आप्पा पहिले काही दिवस तसंच म्हणाले, पण गावाला ते पेलेना. गावानं त्यांचं नाव हिरव्या चिमण्या ठेवलं आणि पुढे आप्पाही तेच म्हणू लागले. त्या पाखरांचा एक स्वभाव मला पहिल्याच दिवशी कळला, तो म्हणजे ती बसत नाहीत. एका काडीवरून दुसऱ्या काडीवर, तिथून जाळीला, जाळीवरून खाली, पुन्हा वर. मान वळवून बघेपर्यंत पाखरू तिथून गेलेलं असे. आणि तितकीच ती भित्री. भांडं पडलं की चौघंही एकदम उडत आणि समोर काय आहे ते न बघता जाळीवर आदळत. आप्पा म्हणायचे, "ही पाखरं आधी उडतेत, मंग भितेत, आन मंग बघतेत."

आमचं गाव उमापूरच्या शिवाराला लागून. घर आळीच्या टोकाला, बाजूला मोठं आवार आणि त्यात जुना लिंब. त्या लिंबाखाली आप्पांनी जाळीघर बांधलं. चार बाजूंनी बारीक जाळी, आतून कडेनं तुराट्यांचा कूड, म्हणजे पाखरू आदळलं तरी तारेवर आदळू नये. वरती पत्रा घालायला मिस्त्री तयार होता, पण आप्पांनी पत्रा नको म्हणून उसाच्या पाचटाचं छप्पर केलं. उन्हाळ्यात त्यावर ओली बारदानं पडत. विहिरीवरून पाणी आणणारी माणसं मी आणि माय. माय बडबडत बादली ओतायची, "माणसं उन्हात मरंनात का, चिमण्याला गार वारा पायजे." पण दुपारी दोन घटका आडवं व्हायची वेळ आली, की ती आपली चटई नेमकी त्या ओल्या बारदानाच्या सावलीत टाकायची.

पाखरांचं खाणं हा घरातला मोठा विषय होता. त्यांना राळं, म्हणजे बाजरीहून बारीक धान्य, लागायचं आणि राळं पेरायचं आमच्या भागात लोकांनी केव्हाच सोडलं होतं. आप्पांनी विहिरीच्या कडेला दोन सऱ्या राळ्याच्या धरल्या. कणसं दुधात आली, की मी ती खुडून आणायची. पाखरं उलटी लोंबकळून त्यातलं दूध चोखायची. भिजवून मोड आणलेली बाजरी, काकडीची फोड, आणि पिलांच्या आशेनं उकडलेलं अंडं. माय माळ घातलेली, तिच्या चुलीवर अंडं चढायचा प्रश्नच नव्हता. म्हणून आवारात तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती आणि तिथं एका काळ्या पातेलीत आप्पा स्वतः अंडं उकडायचे. इकडे स्वयंपाकघरात येसराच्या आमटीला फोडणी बसतेय, तव्यावर भाकर फुगतेय, आणि तिकडे घरमालक उकिडवे बसून पाखरांसाठी अंडं सोलतायत. येणारा-जाणारा हसायचा. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. आज माझा नातू मला मोबाइलवर अशीच पाखरं दाखवतो. पाकिटातलं तयार खाणं, फुलाफुलांची भांडी. पाखरं तीच आहेत. मी बघते आणि मला त्या काळ्या पातेलीचा वास येतो.

चौघांपैकी एक जोडी पहिल्याच थंडीत गेली. दुसरी जोडी मात्र टिकली आणि आप्पांचा जीव तिच्यात गुंतला. त्यांना पिलं हवी होती. चाचांच्या गच्चीवर या पाखरांनी घरटी केली होती, पण पिलं जगवणं चाचांनाही जमलं नव्हतं. लाकडी खोकं टांगलं, काथ्या दिला, वाळलं गवत दिलं. मादी अंडी घालायची, दोघं पाळीपाळीनं बसायची आणि काहीतरी कुठंतरी वाजायचं. कुणाचं लग्न, कुणाचा ट्रॅक्टर, छपरावर वानर. एकदा घरट्यावरून उठली की ती परत बसत नसत. आप्पा गार झालेली अंडी काढून लिंबाच्या मुळाशी पुरायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काथ्या विंचरायला बसायचे. असं कितीदा झालं. म्हणून मग घरात शांततेचा कायदा आला. बादली आदळायची नाही, मोठ्यानं हाक मारायची नाही. मला ते सोपं होतं. मायला जमत गेलं. अवघड गेलं ते विलासदादाला.

दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. आवाज मोठा, हसणं मोठं, आणि मन त्याहून मोठं. कुणाची मोटर जळाली, कुणाच्या बाईला बाळंतपणाला न्यायचं आहे, कुणाचा पोरगा शाळेतून काढलाय, की माणसं दादाकडे येत. त्याच्याकडे मोटारसायकल होती. तिच्या आवाजानं पाखरं आदळायची, म्हणून आप्पांनी त्याला सांगितलं, की कोपऱ्यावर गाडी बंद करायची आणि ढकलत आणायची. दादानं ते ऐकलं. रोज संध्याकाळी हा उंचापुरा माणूस आळीतून गाडी ढकलत यायचा आणि पारावरचे त्याचे दोस्त ओरडायचे, "विल्या, झोपल्या का बे चिमण्या?" तो हसून उत्तर द्यायचा. पण एकदा दारात गाडी लावताना मायला हळूच म्हणाला, "माय, ह्या घरात माझ्यापेक्षा त्या पाखरांचा मान जास्त हाय." माय म्हणाली, "काहीतरीच काय बोलतो." तिनं त्याच्या ताटात एक धपाटं जास्तीचं वाढलं आणि तो विषय तिथंच राहिला.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा दादानं आपलं पॅनल उभं केलं. घरात माणसांची ये-जा सुरू झाली. चहाचं आधण चुलीवरून उतरेना. आप्पा स्वतः कधी त्या वाटेला गेले नव्हते. एकदा लोकांनी त्यांना उभं राहा म्हटलं होतं तर त्यांनी हात जोडले होते. दादासाठी ते दारोदार फिरले नाहीत. पण येणाऱ्याला बसा म्हणत, चहा द्यायला लावत. दादाला एवढं पुरत नव्हतं. बाप सोबत चालतोय हे गावाला दिसावं असं त्याला वाटत होतं, आणि ते मागायला त्याची जीभ रेटत नव्हती. नेमकं त्याच दिवसांत जाळीघरात नवल झालं.

एका सकाळी आप्पांनी मला बोटानं खुणावलं आणि ओठांवर बोट ठेवून खोक्याच्या मागच्या फटीशी नेलं. पाखरं खाण्यावर होती. मी डोळा लावला. आधी नुसता अंधार दिसला, मग त्या अंधारात निळे ठिपके. चमकणारे, जणू कुणी बारीक खडे आत फेकलेत. "पिलाच्या जाभाडाच्या कडेला असतेत ते," आप्पा कानाशी पुटपुटले. "अंधारात आईला तोंड कुठं हाय ते कळावं म्हणून." पिलं हलली, ठिपके हलले. मी मागं वळून आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. पुढचे दिवस ते जेवायलाही आवारातच बसले.

मतदान झालं. मतमोजणी दुसऱ्या दिवशी गेवराईला होती. दादा सकाळी निघायच्या आधी आप्पा ओसरीवर येऊन उभे राहिले.

"विलास, एक सांगायचं होतं."

दादा चप्पल घालताना थांबला. मला वाटतं त्याला वाटलं, आप्पा आज पाठीवर हात ठेवणार.

"निवडून आला तर मिरवणूक निघंल. ती आपल्या आळीत आणू नको. मारुतीपासून वळीव. पिलं चार दिसात बाहेर पडतील, तवर तेवढं."

दादानं दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "आन हारलो तर मिरवणूकच न्हाई. मंग तर तुमच्या पाखराला काहीच तरास न्हाई."

"तसं म्हणालो का मी?"

"न्हाई म्हणालात." त्यानं गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. "वळवतो मारुतीपासून," हे तो जाता जाता म्हणाला. ते मी ऐकलं, मायनं ऐकलं, आप्पांनीही ऐकलं.

दुपार कलल्यावर लांबून फटाक्यांचा आवाज आला आणि माय देवापुढं बसली होती ती उठून दाराशी आली. दादाचं पॅनल आलं होतं. तिनं ताट तयार केलं, कणकेचा दिवा, हळद-कुंकू, आणि हातात गुळाचा खडा धरून उभी राहिली. तिच्या तोंडावरचा आनंद मी तसा पुन्हा पाहिला नाही. आप्पाही खुश होते. "आला पोरगा," असं ते दोनदा म्हणाले. त्यांनी खुंटीवरची धुतलेली टोपीसुद्धा काढून डोक्यावर घातली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि म्हणून मुद्दाम लिहून ठेवते आहे. मिरवणूक मारुतीपाशी आली की आपण तिथवर जायचं, असं ते मायला म्हणत होते. पण हलगीचा आवाज मारुतीपाशी थांबला नाही. तो आळीत शिरला.

आप्पा आवाराकडे धावले, मी त्यांच्यामागे. त्यांनी वाळत घातलेलं मायचं लुगडं ओढलं, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघं जाळीघरात शिरून तो पडदा रस्त्याकडच्या बाजूला धरून उभे राहिलो. "हात खाली घेऊ नको," एवढंच ते म्हणाले. हलगी, बँड, आणि मग दारातच फटाक्यांची लांब लड. मला पाखरं दिसली नाहीत. नुसती हिरवी रेघ या भिंतीवरून त्या भिंतीवर. लुगड्यावर एकदा काहीतरी मऊ आपटलं, ते मला हाताला कळलं. नंतर तुराट्यांवर, नंतर वर, छपराच्या वाशावर. आप्पा तोंडानं हळू शीळ घालत होते, रोज खाणं देताना घालायचे तशी. त्या गोंगाटात ती त्यांची त्यांनाही ऐकू येत नसेल.

लुगड्याच्या कडेनं, कुडाच्या फटीतून मला दादा दिसला. पोरांच्या खांद्यावर, गुलालानं ओळखू न येणारा. त्याला दाराशी उतरवलं. मायनं ओवाळलं, गूळ दिला. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं, उठला, आणि तिच्या खांद्यावरून घरात बघत राहिला. कुणीतरी विचारलं, "आप्पा कुठं हायत?" मायनं ताटातला दिवा सावरला. थोड्या वेळानं त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक आळीबाहेर पडली.

मादी वाशाखाली पडली होती, मान मुरगळून. नर जिवंत होता, एका कोपऱ्यात पिसं फुगवून. तो खोक्याकडे परत गेला नाही. आम्ही पिलं बाहेर काढली. काडीच्या टोकानं राळ्याची पेज भरवली. चोची उघडायच्या, निळे ठिपके उजेडात साधे दिसायचे. एक एक करून ती गेली. शेवटचं पिलू आप्पांच्या तळहातावर होतं. त्यांनी ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

दादा दुसऱ्या दिवशी घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. "पोरांनी ऐकलं न्हाई," तो आप्पांना म्हणाला. "मी म्हणत होतो वळवा." आप्पा काथ्याच्या गुंडाळ्या करत होते. ते शांतपणे म्हणाले, "बरं." दादा गेल्यावर मात्र मला म्हणाले, "तो पोरांच्या खांद्यावर होता, शकू. वर बसलेल्या माणसाला रस्ता सगळ्यात आधी दिसतो. त्यानं मुद्दाम आणली. माझ्या शौकाचा त्याला राग हाय, तो काढला." मी म्हटलं, "आप्पा, दादा असा न्हाई." ते म्हणाले, "आपलंच लेकरू हाय. पण राग असतो."

बोलणं बंद झालं असं नाही. खताचं, मोटरीचं, मायच्या गुडघ्याचं बोलत. फक्त त्या दिवसाचं नाही. काही महिन्यांनी दादा गेवराईला राहायला गेला, कामासाठी सोयीचं म्हणून. जाण्याआधी त्यानं एक केलं. कुणाला तरी थेट हैदराबादला धाडून त्यानं एक जोडी मागवली. चकचकीत नवा पिंजरा ओसरीवर ठेवला आणि म्हणाला, "आप्पा, बघा, तशीच हायत." आप्पांनी पिंजरा दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. "लई छान हायत," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, पण त्यांचा आवाज मुळातच असा, की मनापासूनचं आणि वरवरचं एकसारखंच वाटावं.

त्या पाखरांत नर-मादी दिसायला सारखीच असतात. नर गातो, त्यावरून ओळखायचं. आठवडाभरात दोन्ही गाऊ लागली. आप्पा मला म्हणाले, "दोघंबी नर हायत. विलासला सांगू नको. त्यानं लई लांबून आणलीत, हिरमुसायचा." जाळीघरात जुना नर होता. हे दोघं तिथं सोडले असते तर मारामारी झाली असती. म्हणून ती ओसरीवरच राहिली, त्याच पिंजऱ्यात. आप्पा त्यांना रोज स्वतः खाऊ घालायचे. दादा सणासुदीला यायचा, आल्या आल्या पिंजऱ्याकडे बघायचा आणि आत जायचा. मला त्या बघण्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. माझं लग्न ठरलं होतं, माझं ध्यान दुसरीकडे होतं.

आप्पा गेले ते साध्या तापाचं निमित्त होऊन. दादा शेवटचे दिवस उशाशी होता, पाय चेपत. दोघं एकमेकांना पाणी हवं का, भाकर खाल्ली का, एवढंच विचारत. मी तिथं होते. मला सारखं वाटायचं, आता यांच्यातलं कुणीतरी बोलेल. मी पाण्याचं निमित्त करून बाहेरही जाऊन बसायची. परत यावं तर दोघं तसेच.

मागच्या महिन्यात एका लग्नाहून येताना मी आणि दादा मांजरसुंब्याला चहाला थांबलो. त्याचे गुडघे गेलेत, गाडीतून उतरायला वेळ लागतो. धाब्यावर ट्रकांची रांग, हॉर्नचा कालवा. बशीत चहा ओतता ओतता तो अचानक म्हणाला, "शकू, त्या दिवशी मिरवणूक पोरांनी न्हाई आणली. पोरं तर मारुतीपासून वळलीच होती. मीच म्हणालो, घराकडं घ्या."

मी त्याच्याकडे वळले.

"आप्पा दारात येतील असं वाटलं. एवढी माणसं दारात आल्यावर माणूस येतोच की बाहेर. त्यायनी फकस्त एक बोट गुलाल लावायचा होता मला. पाखराचं मला ध्यानच न्हाई राहिलं. खरंच न्हाई राहिलं." मग म्हणाला, "तू म्हणशील खोटं बोलतो."

"न्हाई म्हणत," मी म्हटलं. "आप्पांनी टोपी घातली होती, दादा. ते मारुतीपर्यंत येणार होते." मग मी त्याला त्या दोन नरांचंही सांगितलं.

त्यानं बशी खाली ठेवली. "मला वाटलं, माझी पाखरं त्यायला जाळीघरात नको हायत. बाहीर ठिवली." मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्यायनी मला एकदा विचारायचं होतं, की बाबा, कावून आणली मिरवणूक इकडं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

त्यानं खरोखर विचार केला. म्हातारा माणूस करतो तसा, घाई न करता.

"न्हाई," तो म्हणाला. "तवा न्हाई सांगितलं असतं." आणि चहा पुढे सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण विचारायचं होतं."